पोट न फाडता: पोलिलो बेटावरच्या फळखाऊ घोरपडीच्या अभ्यासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोरपड म्हटलं की आपल्याला मांसाहारी प्राणीच आठवतो. अंडी, उंदीर, बेडूक, किडे, कधी मेलेलं जनावर. व्हॅरॅनस या वंशात ऐंशीच्या आसपास प्रजाती आहेत. इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगनपासून ऑस्ट्रेलियातल्या वीतभर लांबीच्या बुटक्या घोरपडींपर्यंत जवळपास सगळ्या दुसऱ्या प्राण्यांवर जगतात. अपवाद तीन प्रजातींचा. त्या मुख्यतः पिकलेली फळं खातात आणि तिन्ही जगात फक्त फिलिपिन्समध्ये सापडतात.

पहिली व्हॅरॅनस ऑलिव्हेशियस. स्थानिक लोक तिला बुताआन म्हणतात. दक्षिण लुझोन, कातांदुआनेस आणि पोलिलो ही तिची ठिकाणं. दुसरी पानाय बेटावरची काळी माबितांग. तिचं शास्त्रीय वर्णन २००१ साली झालं. तिसरी उत्तर लुझोनच्या सिएरा माद्रे डोंगररांगेतली बितातावा. दोन मीटर लांबीची, अंगावर सोनेरी ठिपके असलेली ही घोरपड शास्त्राच्या नोंदीत आली ती थेट २०१० साली. तिथले आग्ता आणि इलोंगोत लोक मात्र तिला आधीपासून ओळखत होते, तिची शिकार करून खात होते. एवढा मोठा प्राणी इतकी वर्षं नोंदीबाहेर राहिला, यावरूनच हे प्राणी किती लपून राहतात ते कळतं.

बुताआनची नोंद या तिघींत सर्वांत जुनी, १८५७ ची. पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं तिच्याबद्दल जवळजवळ काहीच माहिती नव्हती. संग्रहालयांतले मोजके नमुने, तेवढंच. ती फळं खाते हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ते उघड केलं वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने. कोमोडो ड्रॅगनचा गाजलेला अभ्यास त्यांनी आधी केलेला होता. पुढे लुझोनच्या बिकोल भागात, कारामोआन द्वीपकल्पावर, त्यांनी बुताआनचा पाठपुरावा केला आणि १९८८ साली त्यावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. आज या प्राण्याबद्दल आपण जे बोलतो त्याचा मोठा भाग त्या ग्रंथातून आलेला आहे.

इथे मांडलेलं प्रकरण त्यानंतरचं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एका छोट्या अभ्यासगटाने पोलिलो बेटावर याच घोरपडीचं काम हाती घेतलं. त्या गटातल्या माणसांची आणि त्यांच्या वाटाड्यांची नावं मी देत नाही. जंगलातल्या जागाही सांगत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

अडचण

ऑफेनबर्ग यांची पद्धत त्या काळाला धरून होती. स्थानिक शिकारी आणि त्यांचे कुत्रे घेऊन घोरपडी धरायच्या, मारायच्या, पोट उघडून आत काय आहे ते पाहायचं. मोठ्या संख्येने घोरपडी अशा तपासल्या गेल्या आणि त्यातून मिळालेली माहिती खरोखर भक्कम होती. कोणत्या झाडांची फळं खाल्ली जातात, सोबत किती गोगलगायी आणि खेकडे असतात, पिल्लांचे टोकदार दात वय वाढेल तसे बोथट आणि जाड कसे होतात, आतड्याला वनस्पती पचवायला उपयोगी पडणारं अंधांत्र कसं असतं, हे सगळं शरीर उघडल्याशिवाय इतक्या नेमकेपणाने कळलं नसतं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. त्या कामाला आज नावं ठेवणारे बहुतेक लोक त्याच माहितीवर उभे आहेत.

पण पोलिलोवरची परिस्थिती वेगळी होती. बेट लहान. जंगल तुटून तुकड्यांत उरलेलं, मधे नारळाच्या बागा आणि शेती. मोठी बुताआन १८० सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि नऊ किलोपर्यंत वजनाची होते. इतका मोठा, झाडावर राहणारा, ठरावीक फळझाडांवर अवलंबून असलेला प्राणी एखाद्या जंगलाच्या तुकड्यात किती संख्येने असणार? त्यातल्या पूर्ण वाढलेल्या दहा घोरपडी अभ्यासासाठी मारल्या, तर ज्याचा अभ्यास करायचा तेच संपण्याची भीती.

शिवाय माणसाची चाहूल लागली की ही घोरपड दिसतच नाही. खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि तिथे निश्चल पडून राहते. नुसतं हिंडून, दुर्बीण लावून तिच्या दिनक्रमाच्या नोंदी होत नाहीत.

तेव्हा प्रश्न असा: जिला पाहता येत नाही आणि मारायची नाही, ती काय खाते, कुठे खाते, केव्हा खाते हे कसं शोधायचं?

समोरचे पर्याय

पकडून जठर धुणं हा सरड्यांच्या अभ्यासातला रुळलेला मार्ग आहे. नळीने पाणी सोडायचं, जठरातलं बाहेर काढायचं, प्राणी सोडून द्यायचा. कीटक खाणाऱ्या लहान सरड्यांना ते चालतं. बुताआन मात्र फळं अख्खी गिळते आणि त्यांत कॅनेरियमसारख्या मोठ्या, कठीण बिया असतात. बिकोलमध्ये ज्याचे पिली नावाचे दाणे आवडीने खातात, आणि आपल्या सह्याद्रीत ज्याच्या भाईबंदाला आपण धूप म्हणतो, ते हे झाड. तसल्या बिया उलट्या दिशेने बाहेर काढताना प्राण्याला इजा होण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा मार्ग म्हणजे पकडून अंगावर रेडिओ यंत्र बांधणं, किंवा धाग्याचं रीळ चिकटवून ती जाईल तिथे सुटत जाणारा धागा शोधत जाणं. हालचाल कळण्यासाठी याहून चांगला उपाय नाही. पण त्यासाठी प्राणी हातात यावा लागतो आणि तो आणायचा म्हणजे फासे किंवा कुत्रे आलेच. धरला गेलेला लाजाळू प्राणी सुटल्यावर नेहमीसारखा वागेल, असं धरून चालणं धोक्याचं. ज्या वागण्याची नोंद घ्यायची, तेच आपण बदलून ठेवलेलं असतं.

तिसरा मार्ग रसायनशास्त्राचा. नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं, म्हणजे थोड्या जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण अन्नसाखळीत पायरीगणिक वाढत जातं. त्यामुळे प्राण्याच्या ऊतींचा कणभर नमुना तपासला की तो वनस्पतीच्या किती जवळ जेवतो ते कळतं. पानायच्या माबितांगबाबत हे करून झालेलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आधीच जपून ठेवलेल्या नमुन्याच्या ऊती वापरल्या गेल्या आणि माबितांग वनस्पती खाणाऱ्यांच्या रांगेत बसते असं दिसलं. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यासाठी एकही नवी घोरपड धरावी लागली नाही. मात्र त्यातून पायरी कळते, झाड कळत नाही. पोलिलोवर कोणती झाडं वाचवायची हे ठरवायचं असेल तर एवढ्याने भागणारं नव्हतं.

उरले दोन मार्ग. विष्ठा गोळा करणं आणि फळझाडांवर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावणं. दोन्हींत प्राण्याला हात लावायचा नाही. दोन्ही संथ.

ठरलं काय

गटाने हात न लावण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण हेच, आणि ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. हात लावायचा नाही म्हटलं की वजन गेलं, लांबीची अचूक मापं गेली, नर-मादी ओळखणं जवळपास गेलं. लहानांपासून मोठ्यांपर्यंत किती आहेत याचं गणित अवघड झालं. प्राणी-संवर्धनासाठी पैसे देणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो संख्येचाच. त्याचं ठोस उत्तर देता येणार नाही हे माहीत असून हा मार्ग धरायचा, याला धैर्य लागतं.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती. प्रश्न आहाराचा होता, आणि त्याचं उत्तर घोरपड स्वतःच जमिनीवर टाकून जाते.

विष्ठेचं काम

फळखाऊ प्राण्याची विष्ठा हा बियांचा ऐवज असतो. बुताआनच्या पोटातून बिया अखंड बाहेर पडतात. गोगलगायींचे शंख आणि खेकड्यांचे कवचतुकडेही ओळखता येतात. केवड्याच्या वंशातली पॅंडेनसची झाडं, कॅनेरियम, भेर्ली माडाचा भाऊ कॅरियोटा, फालशाच्या नात्यातला मायक्रोकॉस, नेटमच्या वेली, उंबरवर्गातली फळं, अशी ही यादी आहे. यातल्या कॅरियोटाच्या फळात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भेर्ली माडाच्या फळाला नुसता हात लागून खाज सुटलेली कोकणातल्या अनेकांना आठवत असेल. ते फळ ही घोरपड जेवते.

पण विष्ठा कुणाची हे आधी ठरवावं लागतं आणि चुका तिथेच होतात. फिलिपिन्सच्या जंगलात उदमांजरंही फळं खातात आणि त्यांच्याही विष्ठेत बिया असतात. सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेसोबत युरिक आम्लाचा पांढरा गोळा असतो. सस्तन प्राण्याच्या विष्ठेत तो नसतो. म्हणजे नमुना ताजा हवा, कारण पावसाने हा पांढरा भाग लवकर धुऊन जातो आणि पोलिलोवर पाऊस भरपूर. पुढची अडचण अशी की त्याच बेटावर पाणघोरपडीच्या कुळातली दुसरी घोरपड राहते. पांढरा गोळा तिच्याही विष्ठेत असतो. मात्र ती मांसाहारी. तिच्या विष्ठेत केस, पिसं, हाडांचे तुकडे सापडतात. बिया आणि शंख एकत्र, पांढरा गोळा सोबत, आणि वर फळझाड: इतकं जुळलं तर नमुना बुताआनचा म्हणायला हरकत नाही. यातलं एक जरी नसेल तर शंका धरायला हवी.

विष्ठेची दुसरी मर्यादा कमी बोलली जाते. कठीण ते उरतं, मऊ ते नाहीसं होतं. बी नसलेला गर, मऊ अळी, कोवळं पान यांचा मागमूस फारसा राहत नाही. त्यामुळे विष्ठेवरून काढलेल्या आहारात बिया आणि शंख यांचं पारडं नेहमीच जड दिसणार. ऑफेनबर्ग यांच्या पोटांच्या नोंदी इथेच कामाला येतात. त्या शेजारी ठेवल्या की विष्ठेतून काय सुटतंय याचा अंदाज बांधता येतो. जुन्या, आज नकोशा वाटणाऱ्या पद्धतीने मिळालेली माहिती नव्या कामाला आधार देते, हे मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं. ती माहिती आधीच आहे, म्हणूनच नवी पोटं उघडायची गरज उरली नाही.

कॅमेरा कुठे लावायचा

साधा कॅमेरा ट्रॅप उष्णतेवर चालतो. समोरून मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की तो फोटो घेतो. बिबट्या किंवा हरीण त्याला सहज कळतं. घोरपडीचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा थंड असू शकतं, म्हणून अशा कॅमेऱ्याला ती दिसणारच नाही असं अनेकांचं मत होतं. पोलिलोवर ते करून पाहिलं गेलं. उन्हात तापून आलेली मोठी घोरपड सावलीतल्या खोडापेक्षा गरम असते, आणि कॅमेरा जवळ असेल तर तेवढा फरक त्याला पुरतो. घोरपडी टिपल्या गेल्या.

मग प्रश्न जागेचा. घोरपड खाली पडलेली फळं वेचते की वर चढून खाते, यावर कॅमेरा जमिनीकडे रोखायचा की खोडाकडे हे ठरतं. झाडांच्या सालीवर नखांचे ओरखडे होते. ते चढण्याकडे बोट दाखवत होते. कॅमेरे फळधारी झाडांच्या खोडांकडे वळवले गेले आणि त्यांत बुताआन वर चढताना, उतरताना, पुन्हा त्याच झाडाकडे येताना दिसली. कोणतं झाड, दिवसाच्या कोणत्या वेळी, फळं कितपत पिकलेली असताना, याची नोंद माणूस तिथे हजर नसताना होऊ लागली. माणूस हजर असता तर ती झालीच नसती.

कॅमेऱ्याचा तोटाही सांगायला हवा. तो जिथे लावला तिथलंच दाखवतो. आपल्याला आधीच माहीत असलेल्या झाडांवर लावला तर आपली यादी तीच राहते आणि आकडे मात्र फुगत जातात. विष्ठेत सापडलेल्या, पण कुणी ओळख पटवू न शकलेल्या बियांचं झाड शोधून तिथे कॅमेरा लावणं हाच यावरचा उपाय. इथे दोन्ही पद्धती एकमेकींना उपयोगी पडतात.

वाटाड्यांचा प्रश्न

ओरखडा ताजा की जुना, हे बी कुठल्या झाडाचं, त्या झाडाला फळ केव्हा धरतं, हे सांगणारी माणसं गावातलीच. घोरपड कुठे असते हे ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक, त्याने बहुतेक वेळा ती कधीतरी मारून खाल्लेली असते. फळं खाणारी असल्याने हिचं मांस दुसऱ्या घोरपडीपेक्षा चांगलं मानतात. २००१ साली फिलिपिन्समध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि असं बोलणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं झालं.

अशा वेळी नोंद कशी ठेवायची? माझं मत असं की माहिती लिहावी, माणूस लिहू नये. जंगल जाणणाऱ्या माणसाला त्याच्या माहितीबद्दल मजुरी मिळते आणि नाव उघड होत नाही, तेव्हाच तो खरं बोलतो. जागांचंही तसंच. दुर्मीळ घोरपडींना पाळीव प्राण्यांच्या बाजारात मोठी मागणी असते. शोधनिबंधात छापलेले अक्षांश-रेखांश घेऊन माणसं त्या जागी पोचतात, हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अनेकदा घडलेलं आहे.

काय हाती लागलं

बुताआन पोलिलोवर काय खाते याचं चित्र एकही घोरपड न मारता उभं राहिलं. झाडावर चढून खाणाऱ्या, न बिथरलेल्या घोरपडींच्या नोंदी पहिल्यांदाच मिळाल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅप निरुपयोगी आहे हा समज खोटा ठरला. आणि जंगलातली कोणती झाडं तुटली तर या प्राण्याचं जगणं अवघड होईल हे नावानिशी सांगता येऊ लागलं. मोठ्या बियांची फळं अख्खी गिळू शकणारे प्राणी त्या जंगलात थोडेच. धनेश, उदमांजर आणि ही घोरपड. त्यातली एक जरी गेली तर झाडांच्या पुढच्या पिढीवर परिणाम होणारच.

हाती न लागलेलंही बरंच. बेटावर बुताआन किती, त्या वाढताहेत की घटताहेत, पिल्लं पहिल्या वर्षी कुठे असतात, हे या पद्धतीने नीट कळत नाही.

सिएरा माद्रेत बितातावाचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरा निर्णय घेतला. तिथे काही घोरपडी पकडून त्यांना यंत्रं बांधली गेली आणि त्यांच्या वावराच्या क्षेत्राबद्दलची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. पोलिलोवर जे कळलं नाही ते तिथे कळलं. मला यात विरोध दिसत नाही. सिएरा माद्रेचं जंगल सलग आणि विस्तीर्ण आहे. तिथे चार घोरपडी बिथरल्या तर सगळं बिघडत नाही. पोलिलोच्या तुकड्यात बिघडू शकतं. निर्णय प्राण्याच्या जातीवरून नव्हे, जंगलाच्या आकारावरून घ्यायचा असतो, असं मी यावरून म्हणेन.

वेगळं काय करता आलं असतं

झाडांची यादी हातात आली की तिचा उपयोग लगेच रोपवाटिकेत व्हायला हवा. विष्ठेतून निघालेल्या बिया मोजून, फोटो काढून बाजूला ठेवायच्या, की त्याच रुजवून जंगलाच्या दोन तुकड्यांमधल्या शेताच्या बांधावर लावायच्या? पहिलं काम संशोधकांना आपसूक सुचतं. दुसऱ्याची आखणी सुरुवातीपासून असावी लागते. पॅंडेनसच्या पानांच्या चटया विणतात, पिलीचे दाणे विकले जातात. बुताआनला हवी असलेली काही झाडं शेतकऱ्यालाही नको असणारी नाहीत. संवर्धनाची बोलणी इथून सुरू करता येतात, बंदीपासून सुरू करावी लागत नाहीत.

दुसरं, हात न लावण्याचा नियम सरसकट न ठेवता एक फट ठेवता आली असती. शिकाऱ्याच्या घरी किंवा दुसऱ्या जनावरासाठी लावलेल्या फाशात मेलेली बुताआन सापडली, तर तिची मापं, दात, जठर, ऊतींचा नमुना यांची नोंद नियमाने व्हावी. बितातावाचं वर्णनही शिकाऱ्यांमुळेच शक्य झालं. अशा नमुन्याला पैसे मात्र कधीही देऊ नयेत, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरी मेलेली घोरपड दारात येते.

आपल्या घोरपडीसाठी

ऑफेनबर्ग यांनी पुढे आपल्याकडच्या घोरपडीवरही, व्हॅरॅनस बेंगालेन्सिसवर, मोठा ग्रंथ लिहिला. तो १९९४ साली आला. ही घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी महाराष्ट्रात तिची शिकार थांबलेली नाही. नराचे सुकवलेले जननावयव हत्ताजोडी नावाने, झाडाचं मूळ म्हणून विकले जातात. तिच्या अभ्यासालाही पोलिलोची पद्धत लागू होते. विष्ठेत भुंगेऱ्यांची टणक पंखकवचं, खेकड्यांची कवचं, केस असं पुष्कळ उरतं.

कॅमेऱ्याचं गणित मात्र उलटं होतं. आपली घोरपड वारुळात, बिळात, दगडांच्या कपारीत राहते आणि बरीचशी जमिनीवर हिंडते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी माळावरची जमीन तिच्या अंगाइतकी किंवा जास्तच तापलेली असते, त्यामुळे उष्णतेच्या फरकावर चालणारा कॅमेरा ती समोरून गेली तरी गप्प राहू शकतो. सकाळी ती बिळाच्या तोंडाशी ऊन खायला येते तेव्हा जमीन अजून थंड असते. कॅमेरा बिळापासून जवळ आणि खाली, तोंडाकडे रोखून लावावा, आणि दुपारसाठी ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेण्याची सोय चालू ठेवावी.